एका युद्धकालीन जीपगाडीची पाठचिकित्सा

(१) या त्रैमासिकांत आजवर पोथ्या, बखरी, ताम्रपट, नाणीं, शिलालेख व तोफांवरील लेख यांची चर्चा होत आली आहे. त्या मालिकेंत एका मोटारगाडीस बसविण्याचें धाडस आम्ही करीत आहों, याबद्दल वाचकांची प्रथमच क्षमा मागतों. आमचा सारा जन्म पाणिनि व कालिदास शिकविण्यांत गेला. यंत्रविद्येशीं आमचा संबंध सायकलच्या पलीकडे कधीं गेला नाहीं. असें असतांहि हा विषय हातीं घेतला, याचें कारण एका गाडीच्या निमित्तानें गेल्या दोन वर्षांत जें आमच्या पाहण्यांत आलें, व त्यांत आमच्याच हातून जी एक चूक घडली, ती जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकास सावध करणारी आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्याजवळ यंत्रांच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना चालवितो. जुन्या लष्करी गाड्या विकत घेऊन त्यांचा जीर्णोद्धार करण्याचा त्यास नाद आहे. सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं गोठ्यांत कडब्याखालीं वीस-पंचवीस वर्षें पडून असलेली एक जीप त्यानें विकत घेतली. विकणाराचें म्हणणें असें कीं, ही १९४२ सालची अस्सल अमेरिकन 'विलीज' असून ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेली आहे. विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, तुम्ही पोथीचा काळ ठरवितां, या गाडीचा ठरवून द्याल का?" आम्ही तेव्हां हंसलों, परंतु प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. अखेर पोथीस जी पद्धति लावितों तीच गाडीस लावून पाहूं, असें ठरविलें.

(२) प्रथम या गाडीच्या कुळाचा वृत्तांत. १९४० सालीं जर्मनीनें फ्रान्स जिंकल्यावर अमेरिकन सैन्यास हलक्या व चारहि चाकांस शक्ति पोंचविणाऱ्या टेहळणी-गाडीची निकड भासली. सैन्यानें १३५ कारखानदारांकडे विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत मिळाला पाहिजे अशी अट होती. ती पत्करून वेळेवर गाडी उभी करणारा कारखाना एकच निघाला. तो म्हणजे पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील बटलर गांवचा 'अमेरिकन बँटम'. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानें रेखाटलेली ही गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजीं मेरिलँडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर हजर झाली. परंतु बँटमचा पसारा लहान. त्याच्या हातून मोठा पुरवठा होईल असा सैन्यास भरंवसा वाटेना. म्हणून त्याची गाडी व आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांस पाहूं देण्यांत आले, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनींहि आपापले नमुने आणले. तिघांस प्रत्येकी १,५०० गाड्यांचें काम मिळालें. अखेर १९४१ च्या जुलैंत विलीजची गाडी प्रमाणभूत ठरली. तिच्या यशाचें मोठें कारण म्हणजे डेल्मार रूस यानें सुधारून सिद्ध केलेलें साठ अश्वशक्तीचें इंजिन. पुढें एकट्या विलीजच्यानें गरज भागेना, तेव्हां नोव्हेंबर १९४१ मध्यें फोर्डनें विलीजच्याच आराखड्याप्रमाणें गाड्या करण्याचें पत्करलें. विलीजच्या गाडीस 'एम. बी.' आणि फोर्डच्या गाडीस 'जी. पी. डब्ल्यू.' म्हणतात. युद्ध संपेपर्यंत विलीजनें साडेतीन लक्षांहून अधिक व फोर्डनें पावणेतीन लक्षांहून अधिक जीपा तयार केल्या. सर्व मिळून सुमारें ६,४०,०००.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस हें चित्र ओळखीचेंच वाटेल. मूळ रचना एकाची, संहिता निश्चित केली दुसऱ्यानें, आणि तिची नक्कल तिसऱ्यानें उतरली. नक्कल इतकी बरहुकूम कीं एकीचा भाग दुसरीस बिनबोभाट बसावा, अशी सैन्याची अटच होती. तथापि कोणताहि लेखक आपल्या हाताचें वळण पूर्णपणें लपवूं शकत नाहीं. तें वळण कोठें दिसतें हें पुढें सांगूं.

(३) 'जीप' या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं दोन शब्द. 'जनरल पर्पज', म्हणजे सर्वकामी, या शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो झाला, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु फोर्डच्या सांकेतिक भाषेंत 'जी' म्हणजे सरकारी काम व 'पी' म्हणजे ८० इंची चाकअंतर. सर्वकामीपणाचा तेथें संबंध नाहीं. दुसरा पक्ष असा कीं, मार्च १९३६ मध्यें 'पॉपाय'च्या चित्रमालिकेंत 'यूजीन द जीप' नांवाचा एक अद्भुत प्राणी अवतरला, त्यावरून सैनिकांनीं हें नांव उचललें. यास्काचार्यांनीं एकाच शब्दाच्या अनेक व्युत्पत्ति शेजारीं-शेजारीं ठेवल्या, तसेंच येथें करणें बरें. मात्र नांवाचा इतिहास बोधप्रद आहे. ही गाडी आपणच निर्माण केली, अशी जाहिरात विलीजनें युद्धकाळांत चालविली होती; अमेरिकेच्या व्यापार-आयोगानें १९४८ सालीं तो दावा अमान्य केला; आणि तरीहि १९५० सालीं 'जीप' हें व्यापारचिन्ह विलीजच्याच नांवें नोंदलें गेलें. म्हणजे नांवाची सनद मिळाली, कर्तृत्वाची मिळाली नाहीं. बिचाऱ्या बँटमचें नांव आज जाणत्यांपलीकडे कोणी घेत नाहीं.

(४) या जीपा आपल्याकडे दोन वाटांनीं आल्या. पहिली वाट युद्धाची. आसाम, मणिपुर व ब्रह्मदेश या रणक्षेत्रांत १९४४-४५ मध्यें त्यांचा फार मोठा उपयोग झाला. लेडो येथून १२ जानेवारी १९४५ रोजीं निघालेला पहिला काफिला ४ फेब्रुवारीस चीनमधील कुनमिंग येथें पोंचला, त्या डोंगरी रस्त्यावर याच जातीच्या गाड्या धांवल्या. युद्ध संपल्यावर मे १९४६ मध्यें अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यांत शिल्लक युद्धसाहित्याविषयीं करार झाला, आणि जें साहित्य येथें राहिलें त्यांतील पुष्कळसें पुढें मुलकी हातीं गेलें.

दुसरी वाट मुंबईची. १९४५ सालीं मुंबईंत 'महिंद्र आणि महंमद' ही पेढी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, व १९४८ सालीं पेढीचें नांव 'महिंद्र आणि महिंद्र' असें झालें. या पेढीनें विलीजच्या मुलकी जीपांचे सुटे भाग आणवून त्या माझगांव येथें जोडण्यास प्रारंभ केला, आणि पुढें परवान्यानें 'सी. जे. थ्री-बी' नांवाची उंच बॉनेटाची जीप येथेंच तयार होऊं लागली. ही मुलकी जीप लष्करी जीपचीच संतति. इंजिनाचा खालचा भाग, गिअरपेटी, आंस, पाटे यांचें साम्य इतकें कीं, थोड्या खटपटीनें एकीचें दुसरीस लागतें. यामुळें एक विलक्षण गोष्ट घडली. इतर परदेशी गाड्या सुट्या भागांअभावीं भंगारांत गेल्या. युद्धकालीन जीप मात्र महिंद्राच्या भागांवर आमच्या खेड्यापाड्यांतून पन्नास-साठ वर्षें चालत राहिली. परंतु ज्या कारणानें ती जगली, त्याच कारणानें तिचा पाठ भ्रष्ट झाला. आज जुनी जीप म्हणून जें विकावयास येतें, त्यांत संकरपाठ नसलेली गाडी क्वचितच आढळते.

दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा घेण्यांत हौशी माणसेंच फसतात असें नव्हे. १९४८ सालीं काश्मीरचें युद्ध चालू असतां, व्ही. के. कृष्ण मेनन हे लंडन येथें हायकमिशनर असतांना, तेथून जुन्या जीपांचा सुमारें ८० लक्ष रुपयांचा सौदा झाला. हातीं आल्या त्या १५५, आणि त्याहि सैन्यानें निरुपयोगी म्हणून नाकारल्या. संसदेंत पुढें कित्येक वर्षें वाद माजला. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजीं सरकारनें हें प्रकरण संपल्याचें जाहीर केलें. दोष कोणाचा हा वाद येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. रंग पाहून गाडी घेऊं नये, एवढा धडा मात्र घेणाऱ्यानें विसरूं नये.

(५) गाडीची परीक्षा कशी करावी? जाणत्यांकडून ऐकून व प्रत्यक्ष गाड्या पाहून आम्हीं जीं गमकें जमविलीं, तीं अशीं :

(अ) सांगाड्याचा, म्हणजे चॅसिसचा, पुढील आडवा दांडा. विलीजचा हा दांडा गोल नळीचा असतो. फोर्डचा उलट्या 'यू'च्या घाटाचा, चौकोनी. हें गमक सर्वांत बळकट, कारण दांडा बदलण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं.

(आ) क्रमांक. विलीजचा क्रमांक एका लहान पट्टिकेवर असून ती डाव्या दांड्याच्या आंतल्या अंगास, बंपरजवळ असते. फोर्डचा क्रमांक डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर लोखंडांतच ठोकलेला असतो. फोर्डच्या सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक कारखान्यांतून निघतांना एकच असे. विलीजचे दोन क्रमांक आरंभापासूनच भिन्न. म्हणून फोर्डच्या बाबतींत एकवाक्यता हा सद्गुण, तर विलीजच्या बाबतींत तीच संशयास्पद! हें न जाणणारा खरेदीदार 'दोन्ही नंबर जुळतात' या बोलण्यावर भुलून विलीजचे चार पैसे अधिक देतो.

(इ) पुढील जाळी. विलीजच्या पहिल्या सुमारें पंचवीस हजार गाड्यांस लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. पुढें फोर्डनें एकाच पत्र्यांत ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी आणली व १९४२ मध्यें विलीजनेंहि ती घेतली. सात फटी दिसल्या कीं जाळी मुलकी जीपची समजावी.

(ई) बॉडी. आरंभीच्या गाड्यांच्या मागील पत्र्यावर, डाव्या बाजूस, कारखान्याचें नांव पत्रा दाबून उठविलेलें असे; १९४२ मध्यें सैन्याच्या सांगण्यावरून तें बंद झालें. १९४४ पासून दोन्ही कारखाने इंडियाना संस्थानांतील कॉनर्सव्हिल येथें तयार झालेली सामाईक बॉडी वापरूं लागले.

(उ) फोर्डची स्वाक्षरी. फोर्ड हा असा लेखक कीं, प्रत्येक पानावर आपली खूण केल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. आपण केलेल्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धां, त्यानें 'एफ' हें अक्षर उठविलें आहे.

(ऊ) डॅशबोर्डवरील पट्टिका. उजवीकडील खणाच्या झांकणावर तीन पट्टिका असत. पैकीं एकीवर कारखान्याचें नांव, क्रमांक व सैन्यास गाडी दिल्याची तारीख असे. ही या पोथीची पुष्पिका होय. अनुभवी वाचकांस ठाऊक आहे कीं, पुष्पिका हा सर्वांत बोलका आणि सर्वांत फसवा पुरावा. अशा पट्टिका आज नव्या तयार करून उघडपणें विकल्या जातात. फिलिपाइन्स बेटांत तर सबंध बॉडी नवी होऊन मिळते. नवी वस्तु नवी म्हणून घेतली तर दोष नाहीं. तिला जुनी म्हणवून विकणें हा दोष.

याशिवाय नोंदणीचे कागद. लोखंडावरील क्रमांक व कागदावरील क्रमांक यांची गांठ पडत नसेल, तर गाडी कितीहि देखणी असली तरी घेऊं नये. क्रमांक कानशीनें घांसलेला किंवा पुन्हां ठोकलेला दिसल्यास तेथून पाय काढावा. तो नाद थेट चौकीपर्यंत नेतो.

(६) आतां प्रस्तुत गाडीचें वर्णन. चाकांच्या आंसांतील अंतर ८० इंच. सुकाणूचक्र डाव्या बाजूस. युद्धकालीन सर्व जीपा, ब्रिटिशांस दिलेल्या धरून, डाव्या सुकाणूच्याच होत्या. पुढील जाळीस नऊ फटी. डाव्या दिव्याचें बिजागर शाबूत आहे; या बिजागरामुळें दिवा आंत वळवून रात्रीं इंजिनावर उजेड पाडतां येत असे. उजवा दिवा पुढें कोणी तरी वेल्ड करून पक्का केलेला आहे.

सांगाड्याचा पुढील दांडा उलट्या 'यू'चा, म्हणजे सांगाडा फोर्डचा. वरचा क्रमांक गंजाखालीं बुजला होता. रॉकेल व मऊ कुंचला यांनीं तो वाचतां आला. तो येथें मुद्दामच देत नाहीं, कारण छापलेला क्रमांक खोट्या पट्टिका करणारांच्याच प्रथम उपयोगी पडतो. बॉडीची घडण १९४४ नंतरच्या सामाईक बॉडीची. इंजिन सी. जे. थ्री-बीचें, महिंद्राचें; त्याची उंची जास्त असल्यानें बॉनेट मधोमध कापून चार बोटें उंच पत्रा जोडलेला. सतरा बोल्टांवर 'एफ' सांपडला. नोंदणीपुस्तकांत सन १९४७ आहे. तें गाडी जन्मल्याचें नसून मुलकी दप्तरांत प्रविष्ट झाल्याचें वर्ष असावें. जुन्या क्रमांकाच्या पाटीवर मुंबई प्रांताच्या काळचीं 'बी. एम.' हीं अक्षरें आहेत.

आणि पट्टिका? ती 'विलीज, १९४२'. गाडी पंचवीस वर्षें कडब्याखालीं. पट्टिकेवर मात्र ओरखडा नाहीं, आणि तिचे स्क्रू नवे. निर्णय उघड आहे. सांगाडा एकाचा, बॉडी मागाहूनची, इंजिन त्याहून मागाहूनचें, व पुष्पिका बनावट. ब्रह्मदेशच्या आघाडीची कथा ही बखरीचा मजकूर. तिला आधार नाहीं, बाधकहि नाहीं. विद्यार्थ्यास हें सांगितलें तेव्हां त्याचा चेहरा पडला. त्यानें किंमत 'विलीज'ची दिली होती.

(७) येथें हा लेख संपता, तर तो लिहिण्याचें कारण नव्हतें. वरील निर्णय होण्यापूर्वीं जें घडलें तें आतां सांगतों.

पट्टिकेवरील १९४२ हा सन खरा कीं खोटा, हें ठरविण्यासाठीं मागील पत्र्यावर उठावाचें नांव आहे किंवा नाहीं हें पाहणें अवश्य होतें. त्या पत्र्यावर निळा रंग व त्याखालीं जाड पुट्टी होती. आम्हीं रंगाऱ्यास सांगितलें कीं, एवढा भाग पार पत्र्यापर्यंत उतरवा. हा रंगारी साठीच्या पुढचा, हाताचा सावकाश. तो पाणी मारून काचकागदानें घांसूं लागला. निळा गेला, पुट्टी गेली, खालीं कांहीं पांढरें दिसूं लागलें. तो अस्तराचा रंग असावा असें समजून आम्हीं म्हटलें, "घांसा, घांसा." थोड्या वेळानें तोच थांबला व म्हणाला, "सर, इथं अक्षरं आहेत."

पाण्यानें पुसून पाहिलें. हिरव्या रंगावर पांढरीं देवनागरी अक्षरें होतीं. स्पष्ट उरलीं होतीं तीं 'युक्त महा' एवढींच. डावीकडे एक अनुस्वाराचा ठिपका, उजवीकडे एका काण्याचा अर्धा भाग. त्याखालीं दुसरी एक ओळ असावी. तिचे शिरोरेघेचे तुकडे तेवढे राहिले होते. बाकीची ओळ पांढऱ्या गढूळ पाण्यांतून मोरींत गेली होती. रंगारी म्हणाला, "अक्षर ब्रशाचं आहे, साच्याचं न्हाई. लिहिणाऱ्याचा हात बसलेला होता."

तीं अक्षरें 'संयुक्त महाराष्ट्र' हीं असावींत, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. संयुक्त महाराष्ट्र समिति पुण्यास ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं स्थापन झाली, आणि १ मे १९६० रोजीं राज्य झालें. त्या मधल्या चार वर्षांत केव्हां तरी ही गाडी समितीच्या प्रचारास फिरली असावी. पूर्वीच्या मालकांच्या घरीं एक वृद्ध गृहस्थ आहेत. गाडीस कर्णा बांधून गांवोगांव सभेची दवंडी देत असत, असें लहानपणीं पाहिल्याचें ते सांगतात. हें सर्व जुळतें. परंतु दुसऱ्या ओळींत काय होतें? सभेची तारीख, उमेदवाराचें नांव, तालुक्याची शाखा कीं नुसती घोषणा? तें आतां कोणासहि कधींच कळणार नाहीं.

आणि ज्यासाठीं हें केलें तें उठावाचें नांव? तें तेथें नव्हतें. पत्रा सपाट होता. तो तसा आहे हें पत्र्याच्या आंतल्या अंगावरून बोट फिरवूनसुद्धां कळलें असतें, कारण दाबून उठविलेल्या अक्षराचा खळगा मागें असतोच. एवढी साधी गोष्ट आम्हांस सुचली नाहीं. देवळाच्या शिलालेखावर चुना फांसणाऱ्या पुजाऱ्यांस आम्हीं जन्मभर नांवें ठेविलीं. प्रसंग आला तेव्हां आम्हीं स्वतः लेखच घांसून टाकला. पुजाऱ्याचा चुना निदान धुवून काढतां येतो.

(८) या चुकीचें मूळ कशांत आहे याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. आम्ही अमेरिकन कारखान्याचें नांव शोधीत होतों, म्हणून मराठी अक्षर आम्हांस दिसलें नाहीं. जुनी गाडी म्हणजे युद्धाची गाडी, त्यापुढचें सारें प्रक्षिप्त, असें आम्हीं न बोलतां गृहीत धरलें होतें. तीन वर्षें ती सैन्यांत असेल. पुढें सत्तर वर्षें ती आमच्या मुलखांत नांदली. तिच्यावरून प्रचार झाला, ऊंस वाहिला गेला, अडलेली बाळंतीण तालुक्यास गेली. यांतील मूळ कोणतें व भर कोणती?

कायदाहि हा प्रश्न विचारतो, पण उत्तर देत नाहीं. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांप्रमाणें पन्नास वर्षांवरील व 'मूळ स्वरूपांत' राखलेलें, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, व पुढें पुन्हां नोंदणीस ५,००० रुपये. आमच्या गाडीचें मूळ स्वरूप कोणतें धरावयाचें? शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील १२१ व्या नियमानें संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याहि वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मनाई आहे. म्हणजे जो रंग ऐतिहासिकदृष्ट्या खरा, तोच रस्त्यावर निषिद्ध! आमच्या विद्यार्थ्यानें त्या रंगाचे डबे व पांढऱ्या चांदणीचा साचा अगोदरच आणून ठेविला होता.

मार्ग सुचला तो आमच्याच शास्त्रांतून. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढली, डॉ. सुखठणकरांनीं संपादिलेल्या आदिपर्वाचें काम १९३३ मध्यें पुरें झालें व सबंध ग्रंथ १९६६ मध्यें. त्या आवृत्तींत शेंकडों श्लोक प्रक्षिप्त ठरले. परंतु एकहि फेंकून दिला नाहीं. जो संहितेंतून काढला तो तळटीपेंत किंवा परिशिष्टांत, कोणत्या प्रतींत आहे या नोंदीसह, छापला. पुढील अभ्यासकास संपादकाचा निर्णय मान्य नसेल तर त्यानें तो फिरवावा, एवढी सोय ठेविली. जीर्णोद्धार आणि विध्वंस यांतील भेद एवढाच आहे : एकांत निर्णय फिरवितां येतो, दुसऱ्यांत येत नाहीं.

विद्यार्थ्यानें हें पटवून घेतलें. हिरव्या रंगाचे डबे दुकानदारास परत गेले. महिंद्राचें इंजिन व कापलेलें बॉनेट गाडींतच राहिलें. बाहेरून निळाच रंग दिला. मागील डाव्या पत्र्यास मात्र हात लाविला नाहीं. 'युक्त महा' या अक्षरांवर कांहीं न चोपडतां दोन सूत अंतरानें पारदर्शक तावदान बसविलें आहे. बनावट पट्टिका काढून 'बनावट, अमुक दिवशीं काढली' अशा चिठ्ठीसह डब्यांत ठेविली. खोटी सनदहि ज्या काळांत ती केली गेली त्या काळाचा खरा कागद असतेच. अशा गाडीस बाजारांत अस्सल 'विलीज'ची किंमत येणार नाहीं. तें त्यानें समजून घेतलें आहे.

(९) अशा गाड्या घेणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या सज्जनांस आमच्या सूचना थोड्या आहेत. गाडी दारांत आल्यावर पहिला हत्यार हातीं घ्यावा तो कॅमेरा व दुसरा टेप, पाना तिसरा. क्रमांक कानशीनें अथवा काचकागदानें उजळूं नये. शिलालेखाचा घेतों तसा कागद लावून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा. रंग उतरविणें अटळच असेल तर निदान वीतभर पट्टा सर्व थरांसह राखावा, व उतरवितांना एक-एक थर उतरवून प्रत्येकाचें चित्र घ्यावें. काढलेला जुना भाग भंगारवाल्यास न देतां चिठ्ठी बांधून ठेवावा. नव्या भागावर न दिसणाऱ्या अंगास बसविल्याचा सन ठोकावा. फोर्डनें आपले बोल्ट जसे ओळखीचे ठेविले तसे आपण आपले ठेवावे. या सर्वांचें टिपण करून एक प्रत गाडींत व एक आमच्यासारख्या मंडळाच्या दप्तरांत ठेवावी. आणि पूर्वीच्या मालकांच्या घरीं जाऊन म्हाताऱ्या माणसांस विचारावें. हें काम सर्वांआधीं करावें, कारण लोखंड थांबतें, माणसें थांबत नाहींत.

राजवाडे गांवोगांव दप्तरें शोधीत हिंडले, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं त्यांच्यापूर्वीं वाणी पोंचला होता. कागद पुड्यांत गेले होते. आज जुन्या यंत्रांच्या बाबतींत तीच वेळ आहे, आणि या खेपेस वाण्याच्या जागीं पुष्कळदां आपणच, प्रेमानें व काचकागद घेऊन, उभे असतों. प्रस्तुत गाडीचीं मापें, ठसे, छायाचित्रें व वृद्ध गृहस्थांची जबानी आम्हीं मंडळाच्या स्वाधीन केलीं आहेत. १९५६ ते १९६० या काळांत अशा जीपेवर लिहिलेल्या घोषणांचें छायाचित्र कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तें मंडळाकडे धाडण्याची कृपा करावी. आमच्या हातून पुसलेली ओळ त्यानें परत येणार नाहीं. पण तेथें काय असूं शकलें असतें, एवढें तरी कळेल.